बक्षीचा तलाव आणि गोमतीकाठचे लखनौ

लखनौ पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती जो नकाशा पडतो, तो बहुधा गोमतीच्या दक्षिण काठावरच आटोपतो. बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, हुसेनाबादचे घंटाघर, रेसिडेन्सीचे भग्नावशेष, थोडे पूर्वेला ला मार्टिनिएर आणि दिलकुशा, अधेमधे चौकातली खरेदी आणि कबाब. दोन दिवसांत हे सगळे उरकते आणि लखनौ पाहून झाले असे वाटते. शहराच्या उत्तरेला सीतापूरच्या रस्त्यावर, पंधरा-वीस किलोमीटरवर बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. ते या नकाशात नसते. तहसिलीचे ठिकाण, रेल्वे स्टेशन, हवाई दलाचा तळ, आंब्याच्या बागा आणि ज्याच्यावरून गावाला नाव पडले तो एक जुना पक्का तलाव, एवढीच त्याची ओळख. माझे म्हणणे असे आहे की लखनौचा वारसा नीट समजून घ्यायचा तर या तलावाला नकाशात जागा द्यावी लागेल. इमारतींची यादी म्हणून हे शहर वाचले तर त्याचे बरेचसे कोडेच राहते. नदी, ओढे, तलाव, बारवा, कालवे अशा पाण्याच्या मांडणीवर ते वसले, वाढले, लढले आणि बिघडलेही. आपण आज ज्यांचे फोटो काढतो त्या वास्तू म्हणजे या मांडणीची वर दिसणारी टोके आहेत. खालचा भाग सोडून फक्त टोके जपण्याचा आपला प्रयत्न चालू आहे, आणि तो अपुरा पडतो आहे.

आधी त्या तलावाकडेच पाहू. अवधच्या नवाबी काळात बक्षी हा दरबारातला वजनदार अधिकारी. फौजेचा पगार आणि त्याचा हिशेब त्याच्या हाती. मराठी वाचकाला हे पद परके नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेतले जिवबादादा बक्षी याच हुद्द्याने इतिहासात ओळखले जातात. अवधच्या दरबारातल्या त्रिपुरचंद नावाच्या बक्षीने हा तलाव बांधला असे मानले जाते, आणि त्याच्याच हुद्द्यावरून आधी तलावाला व मग गावाला नाव पडले. पक्क्या पायऱ्या, काठावर देऊळ, आणि बाजूने जाणारी सीतापूरची वाट. यातले देऊळ भक्तीपोटी बांधले आणि तलाव पुण्यासाठी, असे म्हणून सोडून देता येईल. पण जागा पाहिली की हेतू अधिक व्यवहारी दिसतो. राजधानीतून उत्तरेकडे निघालेल्या माणसाला, बैलाला, घोड्याला पहिल्या टप्प्यावर जिथे पाण्याची गरज लागेल, तिथे हा तलाव आहे. पाणी असले की मुक्काम पडतो, मुक्काम पडला की दुकान लागते, दुकानामागून वस्ती येते. इमामबाडा बांधायला नवाब लागतो. तलाव बांधायला एक सुखवस्तू अधिकारी पुरतो. म्हणूनच इमामबाडे मोजके राहिले आणि तलाव गावोगाव झाले. कोणत्याही राज्याची खरी घडण अशा दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या लोकांच्या बांधकामांत अधिक स्पष्ट दिसते, कारण त्यांच्यामागे डामडौलापेक्षा गरज असते.

ही गरज का होती, हे समजायला गोमतीचा स्वभाव ठाऊक हवा. गंगा-यमुना-शरयूच्या शेजारी वाहत असली तरी गोमती बर्फाची नदी नाही. ती हिमालयातून येत नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडाजवळच्या एका सरोवरातून, ज्याला गोमत ताल म्हणतात, ती निघते आणि साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास वाहून वाराणसी-गाझीपूरच्या सीमेवर कैथीजवळ गंगेला मिळते. उन्हाळ्यात तिला वितळणारे हिम पाणी देत नाही. पावसाने जमिनीत मुरवलेले पाणी झिरपून पात्रात उतरते, त्यावर ती तग धरते. म्हणजे गोमतीचे उन्हाळ्यातले पाणी हे तिच्या खोऱ्यातल्या शेतांत, तळ्यांत आणि झिलांत आदल्या पावसाळ्यात साठलेले पाणी असते. खोऱ्यातला तलाव बुजला तर नदीच्या पुढच्या मे महिन्यातल्या पाण्याला चिमूटभर कात्री लागते. एका तलावाने काही बिघडत नाही, शेकडोंनी बिघडते. आज उन्हाळ्यात लखनौची तहान भागवायला शारदा कालव्याच्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. बख्शी का तालाबचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. गोमतीला शहरात येऊन मिळणारी कुकरैल ही छोटी नदी याच तहसिलीतल्या अस्ती गावात उगम पावते. अस्तीपासून गोमतीपर्यंतचा तिचा प्रवास जेमतेम अठ्ठावीस किलोमीटरांचा. तिच्याच नावाच्या जंगलात १९७८ पासून घडियाल मगरींची पैदास करणारे केंद्र आहे, आणि तिथे वाढवलेले घडियाल उत्तर भारतातल्या नद्यांत सोडले गेले. ज्या ओढ्याला शहरात लोक नाला म्हणून ओळखतात, तो मुळात या तहसिलीच्या तळ्या-झिलांचे पाणी राजधानीकडे नेणारी वाट आहे.

आता शहरात येऊ. १७७५ मध्ये नवाब आसफउद्दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १७८४ च्या दुष्काळात त्याने बडा इमामबाडा बांधायला घेतला आणि लोकांना काम दिले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. वास्तुकार किफायतउल्ला. मधले दालन सुमारे पन्नास मीटर लांब, सोळा मीटर रुंद आणि पंधरा मीटर उंच. त्याच्या छताला ना तुळई ना मधला खांब. भुलभुलय्या म्हणून ज्या अरुंद वाटांत पर्यटक हौसेने हरवतात, त्या या कमानदार छताचे ओझे हलके करून भिंतींवर वाटून देणाऱ्या पोकळ्या आहेत. हे सगळे सांगितले जाते आणि ते खरेच थक्क करणारे आहे. मात्र दालन कशाचे बनले, या प्रश्नाशी फार कोणी थांबत नाही. लखनौच्या आसपास डोंगर नाही, खाण नाही. शेकडो फूट खोल नुसता गाळ. आग्रा-दिल्लीसारखा लाल दगड किंवा संगमरवर इथे हाताशी नव्हता. म्हणून अवधच्या गवंड्यांनी लखौरी विटेवर शहर उभारले. ही वीट आजच्या विटेच्या मानाने फारच पातळ. पातळ असल्याने ती आतपर्यंत सारखी भाजते, आणि कमानीची वळणे, वेलबुट्टी, माशांच्या जोड्या घडवायला सोयीची पडते. तिला धरून ठेवतो तो चुना. जमिनीतल्या कंकराचे खडे भाजून केलेला, सुरखीत घोटलेला, त्यात उडदाची डाळ, गूळ, बेलाचा गर अशी चिकट द्रव्ये घातलेली. रूमी दरवाजाच्या पाकळ्यांवरचा गिलावा जिथे सुटला आहे तिथे जवळून पाहिले, तर या विटांचे थर आणि मधला जाड चुना उघडा दिसतो. दगड कुठेच नाही. भिंतीत जितके चुन्याचे, तितकेच पाण्याचे काम. माती कालवायला पाणी, चुना विझवायला पाणी, घोटायला पाणी, बांधकाम मुरायला पाणी. आणि विटेसाठी माती खणली की जमिनीत खड्डा उरतो, जो पावसाळ्यात भरतो. गाळाच्या प्रदेशात इमारत आणि तळे ही एकाच खणण्याची दोन फळे असतात, हे मला या शहराकडे पाहण्याचे पहिले सूत्र वाटते.

इमामबाड्याच्या आवारातली शाही बावली हे सूत्र पुरे करते. ही अनेक मजल्यांची बारव इमामबाड्याच्या कामाला पाणी मिळावे म्हणून आधी खणली, असे सांगतात. वाटाडे आणखी एक गोष्ट सांगतात की तिचे पाणी गोमतीशी जोडलेले आहे. गुप्त भुयाराच्या कथेसारखे हे वाटते, पण भूशास्त्राच्या दृष्टीने त्यात नवल काही नाही. गाळाच्या जमिनीत नदीकाठच्या विहिरीची पातळी नदीच्या पातळीबरोबर चढते-उतरते. त्यासाठी भुयार लागत नाही, वाळूचे थरच पुरतात. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबावरून वरच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याला दारातून येणारा माणूस दिसे, हीही तिथली लाडकी गोष्ट. ती दाखवायला मात्र खाली पाणी असावे लागते.

पाणी आणि वास्तू यांचे नाते याहून स्पष्टपणे दाखवणारी इमारत फ्रेंच साहसी क्लॉद मार्तँ याने १७८१ मध्ये बांधली. गोमतीच्या अगदी काठावरची ही कोठी पुढे फरहतबख्श म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे तळघर नदीच्या पातळीला होते. उन्हाळ्यात मार्तँ या थंड खोल्यांत राही, पावसाळ्यात नदी चढू लागली की वरच्या मजल्यावर जाई. पुराला अडवण्याऐवजी पुराबरोबर वर सरकण्याची ही रीत होती, आणि ती एका परक्या माणसाने इथल्या हवा-पाण्याकडे बारकाईने पाहून शोधली. १८०० मध्ये तो वारला, कोठी नवाब सआदत अली खानाकडे गेली आणि तिच्याच शेजारी नवाबांनी छत्तर मंझिलचा विस्तार केला. छत्रीच्या आकाराचे सोनेरी कळस, खाली नदीच्या अंगाला उघडणाऱ्या कमानी. २०१९ मध्ये या आवारात उत्खनन चालू असताना मातीखालून जवळपास बेचाळीस फूट लांबीची लाकडी नाव निघाली. राजवाड्याच्या तळघरापर्यंत नाव येत होती, हे कागदावर वाचणे वेगळे आणि मातीतून नाव बाहेर येणे वेगळे. १९५१ पासून साठएक वर्षे याच इमारतीत केंद्रीय औषधी संशोधन संस्था होती. नव्या औषधांचा शोध घेणाऱ्या माणसांच्या पायाखाली ती नाव झोपलेली होती.

हुसेनाबादबद्दल थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. मुहम्मद अली शाहने १८३७ ते १८४२ या आपल्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत छोटा इमामबाडा बांधला, समोर मोठा तलाव खणला, त्याच्या काठी बारादरी उभारली आणि सतखंडा नावाचा सात मजल्यांचा मनोरा सुरू केला, जो त्याच्या मृत्यूने अर्धवट राहिला. १८८१ मध्ये याच तलावाशेजारी ६७ मीटर उंचीचे घंटाघर उभे राहिले. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती विटांपेक्षा कागदावरची रचना. या राजाने १८३९ मध्ये मोठी रक्कम कायमची गुंतवून तिच्या व्याजातून इमामबाड्याची देखभाल आणि त्यातले धर्मकार्य चालावे अशी तजवीज केली. बांधणे सोपे, सांभाळणे कठीण, हे त्याने ओळखले होते.

लखनौच्या इतिहासातला जो भाग मराठी वाचकाला सर्वांत जवळचा, तो १८५७ चा. कानपूर-बिठूरच्या नानासाहेबांमुळे आणि झाशीमुळे आपण तो लष्करी शौर्याच्या अंगाने वाचतो. एकदा पाण्याच्या अंगाने वाचून पाहावा. ३० जून १८५७ ला अवधचा इंग्रज चीफ कमिशनर हेन्री लॉरेन्स आपली फौज घेऊन चिनहटकडे निघाला. ही फौज कुकरैलचा पूल ओलांडून गेली, भर उन्हात, उपाशी आणि तहानलेली. बरकत अहमदच्या नेतृत्वाखालच्या शिपायांनी तिला तिथे झोडपले आणि ती पुन्हा त्याच पुलावरून मागे पळाली. त्या संध्याकाळपासून रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला, जो नोव्हेंबरपर्यंत टिकला. म्हणजे बख्शी का तालाबच्या तहसिलीत उगम पावणारी ही छोटी नदी लखनौच्या युद्धाची पहिली रेघ होती. दुसरी रेघ त्याहून बोलकी आहे. नवाब गाझीउद्दीन हैदरने गंगेचे पाणी गोमतीत आणण्यासाठी एक कालवा खणायला घेतला होता. तो फसला. गंगेचे पाणी कधी आलेच नाही, शहराच्या दक्षिणेला व पूर्वेला एक कोरडा खोल चर तेवढा राहिला. मार्च १८५८ मध्ये बेगम हजरतमहलच्या सैन्याने याच चरामागे मातीचे तट घालून बचावाची पहिली फळी उभी केली. ती फळी समोरून भक्कम होती. पण इंग्रज सरसेनापती कॉलिन कॅम्बेलने आउटरमला तरंगत्या पुलांवरून गोमतीपार उत्तर काठावर धाडले, आणि तिथून तोफांचा मारा फळीच्या बाजूने, तिच्या लांबीने होऊ लागला. पाणी नसलेल्या कालव्याने जे राखले, ते पाणी असलेल्या नदीच्या पलीकडून गेले. शहर इंग्रजांच्या हाती पडल्यावर नेपियर या त्यांच्या लष्करी अभियंत्याच्या आराखड्याने ते कापले गेले; दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, हजारो माणसांची घरे पाडली. आज आपण जुने लखनौ म्हणून ज्या प्रशस्त मोकळ्या जागांतून इमामबाड्याकडे पाहतो, त्यातला बराचसा मोकळेपणा या पाडापाडीतून आलेला आहे.

हा फसलेला कालवाच माझ्या मताविरुद्धचा पुरावा आहे, असे कोणी म्हणेल. नवाबांना पाण्याचे शास्त्र इतके कळत होते तर त्यांचा सर्वांत मोठा कालवा कोरडा का राहिला? आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर देताना नवाबीची भलामण करण्याची मला गरज वाटत नाही. लखनौचा दरबार उधळा होता, हिशेबात ढिला होता. सआदत अली खानाने इंग्लंडहून मागवलेला लोखंडी पूल तो १८१४ मध्ये वारल्यावर येऊन पोहोचला, सुटे भाग कित्येक वर्षे पडून राहिले आणि १८४० च्या दशकात तो उभा झाला. मोठ्या योजनांत हा दरबार वारंवार तोंडघशी पडला. पण म्हणूनच बक्षीच्या तलावाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. दूरची नदी वळवून आणण्याची योजना फसली. आपल्या अंगणातला पाऊस अडवण्याची छोटी कामे टिकली. कालवा आज शहराचा सांडपाण्याचा नाला आहे, तलावाचे नाव अजून गावावर आहे. दोन्ही एकाच राज्यातली कामे. कोणते पाणीशास्त्र या जमिनीला मानवते, याची याहून चांगली तुलना शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. लखनौचा वारसा म्हणजे पाणी कसले, तो तर तहजीब आहे. बोलणे, खाणे, चिकनकारी, कथ्थक, ठुमरी. २०२५ मध्ये युनेस्कोने या शहराला गौरवले तेही त्याच्या पाककलेसाठी. यातले बरेचसे मला मान्य आहे. आणि सगळ्या गोष्टी ओढून-ताणून पाण्याला जोडण्यात शहाणपण नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक स्थापण्यात पुढाकार घेतला, श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे चालवले, आणि आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ते कैसरबागेतल्या परीखान्यात, वाजिद अली शाहच्या नृत्यशाळेच्या जागी उभे आहे. या गोष्टीचे नदीशी काही देणेघेणे नाही. ती मराठी माणसाने या शहराला दिलेली आणि शहराने शंभर वर्षे जपलेली स्वतंत्र ठेव आहे. पण चिकनकारीचे तसे नाही. मलमलीवर आधी लाकडी ठशांनी कच्च्या निळीत नक्षी छापतात. तीवर बायका मुर्री, फंदा, जाळी अशा टाक्यांनी महिनोन्‌महिने भरतकाम करतात; ही कामे मोठ्या प्रमाणात शहराबाहेरच्या खेड्यांत होतात. काम संपल्यावर कापड मळलेले आणि निळे असते. ते गोमतीच्या काठी धोब्यांकडे येते आणि तिथे धुतल्यावर नीळ उतरते, पांढऱ्यावर पांढरे काम उमटते. २००८ मध्ये चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक या शब्दाला जागायचे तर टाक्याइतकेच घाटाकडेही पाहावे लागेल. तहजीब हवेत राहत नाही. तिच्या काही पायऱ्या तरी नदीत उतरतात.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि तो सर्वांत ठोस. एका अधिकाऱ्याने बांधलेला साधा तलाव, शेकडोंतला एक, त्याला इमामबाड्याच्या रांगेत कसे बसवणार? सगळेच वारसा ठरवले तर कशाचेच रक्षण होणार नाही. हे म्हणणे वारसा म्हणजे दुर्मीळ वस्तू या समजुतीवर उभे आहे, आणि आपला कायदाही त्याच समजुतीवर चालतो. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरांत बांधकामाला मनाई करते आणि पुढच्या २०० मीटरांत त्यावर नियंत्रण ठेवते. भिंतीसाठी हे मोजमाप ठीक आहे. पाण्यासाठी नाही, कारण बारवेत येणारे पाणी ३०० मीटरांच्या पलीकडून येते. काठाची पायरी संरक्षित आणि पाण्याची वाट असंरक्षित, असे झाले की तलावाचे फक्त सांगाडे राहतात. पुणेकरांना याची कल्पना देण्याची गरज नाही. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली तळे केले. १७८४ मध्ये, म्हणजे बडा इमामबाडा सुरू झाला त्याच साली, सवाई माधवरावांनी त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसवला. तळे बुजले, बाग झाली, आणि आजही लोक त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. कात्रजहून शनिवारवाड्याकडे भुयारी नळांनी येणारे पाणी आणि त्यावरचे हौद यांचीही तीच गत. देऊळ राहिले, भिंत राहिली, हौदाचा चिरा राहिला. ज्यासाठी ते बांधले ती व्यवस्था मात्र वारसा म्हणून कधी नोंदलीच गेली नाही. तेव्हा तलाव दुर्मीळ आहे म्हणून जपा असे मी म्हणत नाही. तो सामान्य आहे, पुष्कळांतला एक आहे, म्हणूनच त्याची किंमत आहे. साखळीतल्या कडीची किंमत ती किती वेगळी आहे यावरून ठरत नाही.

आधुनिक शहराला हे परवडणार का, हा प्रश्न राहतोच. १९६० च्या पुरात गोमती लखनौत शिरली, मोठे नुकसान झाले आणि त्यानंतर काठाने बांध घातले गेले. ज्यांची घरे बुडाली त्यांना मार्तँच्या तळघराचे कौतुक सांगण्यात अर्थ नव्हता, आणि ते बांध चुकीचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण २०१५ पासून शहरातल्या नदीकाठावर काँक्रीटच्या भिंती घालून जे सुशोभन झाले, त्याचा विचार वेगळा करावा लागेल. फिरायला जागा झाली, दिवे लागले, लोक येतात. याचा आनंद खरा आहे. मात्र जी नदी काठांतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगते, तिच्या काठांना भिंत घालणे म्हणजे तिचा श्वास आखडणे. हिमनदीवर पोसलेल्या नदीला ही भिंत एक वेळ सोसेल, गोमतीला सोसणे अवघड. कुकरैलच्या काठीही आता तसेच काम आखले आहे. २०२४ च्या जूनमध्ये त्यासाठी अकबरनगर ही अख्खी वस्ती पाडली गेली आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवले गेले. नदीला जागा परत मिळावी हा हेतू चांगला असू शकतो. पण इतकी मोठी किंमत माणसांनी मोजल्यावर नदीत पाणी कुठून येणार, याचे उत्तर खाली शहरात मिळत नाही. ते वर अस्तीच्या बाजूला, बख्शी का तालाबच्या शेतांत आणि तळ्यांत आहे. आणि तिथेच आज लखनौ सर्वांत वेगाने पसरते आहे. सीतापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भूखंडांच्या पाट्या लागल्या आहेत.

हे राखणार कोण, असे विचारले तर सरकारकडे बोट दाखवण्याआधी या गावाच्याच एका गोष्टीकडे पाहावे. बख्शी का तालाबची रामलीला १९७२ पासून होत आली आहे आणि ती प्रसिद्ध आहे ती तिच्यातल्या मुसलमान कलावंतांमुळे. राम, लक्ष्मण, जनक अशा भूमिका इथे मुसलमान घरांतल्या मुलांनी आणि मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केल्या आहेत. तिला कोणत्या संरक्षित यादीची गरज पडली नाही. गावाने दर वर्षी मंच उभारला, संवाद पाठ केले, वर्गणी काढली. सार्वजनिक गोष्ट आपली मानून चालवण्याची सवय या गावात आहे, याचा हा पन्नास वर्षांचा पुरावा. चंद्रिकादेवीच्या देवळाचेही तसेच. याच भागात कठवाऱ्याला गोमतीच्या वळणात वसलेल्या या देवीला अमावास्येला जी गर्दी लोटते, तिला नदी ही अजून देवळाचाच भाग वाटते.

सवयीला कायद्याचा आधारही आहे, फक्त तो पुरातत्त्व खात्याच्या कपाटात नाही. हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट सांगितले की तळी, जंगले, टेकड्या ही समाजाची सामाईक संपत्ती आहे आणि तळ्याची जमीन घरांसाठी वाटता येणार नाही. तो खटला उत्तर प्रदेशातल्याच एका गावच्या तळ्याचा होता. आपल्याकडे तलाठी, तसा तिकडे लेखपाल; त्याच्या दप्तरात प्रत्येक गावची तळी गट क्रमांकासह नोंदलेली असतात, आणि जुन्या नोंदीशी आजची जमीन ताडून पाहता येते. लखनौच्या वारशाचा पुढचा नकाशा करायचा झाला तर त्याचे पहिले पान या दप्तरातून उतरवावे लागेल. अस्तीचा उगम, बक्षीचा तलाव, मधली तळी, कुकरैल, मग गोमती, आणि तिच्या काठी छत्तर मंझिल, बावली, हुसेनाबाद, या क्रमाने. पर्यटकाने इमामबाडा शेवटी पाहिला तरी चालेल. पाणी ज्या वाटेने शहरात येते, त्या वाटेने तो आलेला असेल.